मागून आणलेला फुल फ्रेम

आमचा फोटो स्टुडिओ तासगावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होता. पुढं काउंटर, मधे पडदा, पडद्यामागं स्टूल आणि दोन दिवे, आणि सगळ्यात मागं, जिथं पूर्वी मोरी होती तिथं, डार्क रूम. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, पासपोर्टचे फोटो काढायचे, लग्नांची कामं करायचे आणि पोलिसांचं बोलावणं आलं तर विहिरीतून वर काढलेल्या प्रेताचेही फोटो काढायचे. बारावीनंतर मी त्यांच्या हाताखाली आले. नवरीच्या खोलीत, हळदीला, बायकांच्या गराड्यात त्यांना जाता यायचं नाही, तिथं मी जायची. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. लग्नात फोटो काढणारी मुलगी बघून लोक आधी हसायचे आणि मग पदर नीट करून उभे राहायचे.

आमच्याकडं कॅमेरा एकच, हाफ फ्रेम. म्हणजे फिल्मवरच्या एका फोटोच्या जागेत हा दोन फोटो बसवायचा. छत्तीसच्या रोलात बहात्तर. आण्णांना त्याचं भारी कौतुक. "आख्खं लगीन एका रोलात बसतंय, आनि काय पायजे?" असं ते म्हणायचे. अल्बमात पोस्टकार्डाएवढे फोटो लावायचे तोवर ठीक होतं. पण आता लोकांना भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा असायचा. तेवढा मोठा केला की नवरीच्या गालावर वाळू टाकल्यासारखे दाणे दिसायचे. एका नवरीच्या आईनं असा फोटो आमच्याच काउंटरवर आपटला होता. "माझ्या पोरीला काय देवी आल्यात व्हय?"

फुल फ्रेम घ्यायचा की नाही, यावर आमच्यात वर्षभर वाद चालला होता. सांगलीला एका दुकानात एक जपानी फुल फ्रेम विकायला होता, वापरलेला. दोन लग्नसराया राबलो असतो तेव्हा तो परवडला असता. शिवाय दर लग्नाला रोल दुप्पट. आण्णांचं म्हणणं, गिऱ्हाईक तेवढे पैसे जास्त देणार आहे का? माझं म्हणणं, गिऱ्हाईकच गेलं तर? दुकानदार आण्णांच्या ओळखीचा होता. आमचं भांडण ऐकून तो एक दिवस वैतागला आणि कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणाला, "एक लग्न करून बघा. मग ठरवा. पण जपून."

ते लग्न होतं कुंडलच्या पुढच्या एका गावातलं. ठरवायला नवरदेवाचे चुलते आले होते, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ताठ, मिशाळ, पण बोलायला मोकळे. मला म्हणाले, "पोरी, तू फोटू काडनार? लय भारी. आमच्या घरातल्या बायकांचं बी काड. जन्मात कुनी काडलं न्हाई." त्या लग्नात रंगीत रोल आण्णांच्या हाफ फ्रेममध्ये घातला. मागून आणलेल्या कॅमेऱ्यात मी ब्लॅक अँड व्हाइट घातला, म्हणजे चाचणीचा रोल लॅबला न पाठवता आमच्याच डार्क रूममध्ये धुता येईल.

गोरज मुहूर्त होता. उन्हं कलायच्या आधी नवरदेव घोड्यावरून मारुतीला निघाला. पुढं बँड, त्यामागं नाचणारी पोरं, त्यामागं फेटे बांधलेली भावकी. आण्णा घोड्याच्या डाव्या अंगाला होते. मी एका घराच्या कट्ट्यावर चढले होते. फुल फ्रेममधून बघायची मला सवय नव्हती. हाफ फ्रेममधून जग उभं, अरुंद दिसायचं, दाराच्या फटीतून बघावं तसं. इथं आख्खा रस्ता एकदम समोर आला आणि नेमकं कशाकडं बघावं हे मला कळेना.

हवालदार घोड्याच्या पुढं चालत होते. त्यांचा आणखी एक पुतण्या, मधल्या भावाचा मुलगा, खांद्यावर टॉवेल टाकून त्यांच्या बाजूला आला. चुलत्या-पुतण्याचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षं वाकडं होतं. हे मला नंतर कळलं, गावाला ते आधीच माहीत होतं. मला वाटलं, तो कानात काहीतरी सांगायला वाकतोय. म्हणून मी बटण दाबलं.

टॉवेलात उसाचा कोयता होता.

पहिला घाव हवालदारांच्या खांद्यावर बसला. आवाज आलाच नाही, बँड वाजत होता. त्यांनी डावा हात वर केला आणि दुसरा घाव त्या हातावर बसला. मनगटाच्या वर. हात खाली लोंबला. कोयता पुन्हा वर गेला. मी रोल पुढं सरकवला आणि पुन्हा बटण दाबलं. कसं दाबलं, मला सांगता येणार नाही. बोटं आपोआप चालत होती. घोडा उधळला, नवरदेव गटारीत पडला, क्लॅरिनेटवाला डोळे मिटून वाजवत होता तो तसाच थोडा वेळ वाजवत राहिला.

मग पुतण्याबरोबरच्या एकाची नजर माझ्यावर गेली.

"ए, ती पोरगी फोटू काडतीया!"

तो कट्ट्यावर चढला आणि त्यानं कॅमेऱ्याचा पट्टा धरून ओढला. पट्टा माझ्या गळ्यात होता. मी तोंडावर खाली आले, गुडघे फुटले, गळा आवळला, श्वास बंद झाला. तो मला रस्त्यावरून फरपटत होता. माझ्या हाताला कॅमेरा लागला. त्या जुन्या कॅमेऱ्यांचं अंग लोखंडासारखं असायचं. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या तोंडावर हाणला. भुवई फाटली. त्यानं पट्टा सोडला. तो रक्त पुसायला लागला तेव्हा मी आणखी एकदा हाणला, आणि तो खाली बसल्यावर आणखी. मला थांबता येत नव्हतं. मला राग आला होता असंही नाही. फक्त तो पुन्हा उठता कामा नये एवढंच डोक्यात होतं.

आण्णा धावत आले आणि माझ्यावर पालथे पडले. मग लाथा सुरू झाल्या. त्यांच्या अंगाखाली मला त्यांचं हाड मोडल्याचं जाणवलं. ऐकू आलं नाही, जाणवलं. त्यांचा हाफ फ्रेम बाजूला पडला होता. एका कोल्हापुरी वहाणेनं तो दगडावर ठेचला.

गावच्या माणसांनी ओढाओढ करून आम्हाला सोडवलं तेव्हा पुतण्या पळाला होता. हवालदारांना बँडवाल्यांच्या टेम्पोत घालून मिरजेला नेलं. त्यांची बायको टेम्पोच्या मागं अनवाणी धावत गेली, मग कुणीतरी तिला वर ओढून घेतलं. रस्त्यावरच्या रक्तावर बायकांनी पाट्यांनी माती टाकली.

आणि मग लग्न लागलं. मी हे अनेकांना सांगितलं आहे आणि कुणाचा विश्वास बसत नाही. आण्णांना एका पडवीत झोपवलं होतं, खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, ओठ फाटला होता. मी त्यांच्या उशाला बसले होते. एक म्हातारा आला आणि म्हणाला, "पोरी, चल की. मुहूर्त टळतोय. फोटू कोन काडनार?"

मी आण्णांकडं बघितलं. ते डोळे मिटूनच म्हणाले, "जा."

मी गेले. नवरदेवाच्या फेट्याला गटारीची घाण लागली होती, नवरी थरथरत होती, मंगलाष्टकं भराभर उरकली. मी त्याच कॅमेऱ्यातून फोटो काढले. खालच्या कडेला पोचा पडला होता, उजेड मोजायच्या मीटरचा काटा मेला होता, पण शटर चालत होतं. उजेडाचा अंदाज डोळ्यानं घेतला. बटणाच्या खाचेत रक्त वाळलं होतं, त्याचं की माझं कोण जाणे. बोट चिकटत होतं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी जबाब घेतले. तेवढी मिरवणूक होती, पण कुणीच काही बघितलं नव्हतं. कुणाच्या डोळ्यांत गुलाल गेला होता, कुणी नाचत होतं, कुणी लघवीला गेलं होतं. भावकीतलं प्रकरण, उद्या परत एकाच विहिरीवर जायचं. मी तेव्हा हवालदारांवर घाव बसल्याचं सांगितलं, पण फोटोचं काही बोलले नाही. फोटो आले आहेत की नाहीत, मलाच माहीत नव्हतं.

रोल मी डार्क रूममध्ये धुतला. आण्णा बाहेरच्या खोलीत हात गळ्यात बांधून पडले होते. लाल दिव्याच्या उजेडात कागद डेव्हलपरमध्ये सोडला आणि ट्रे हलवत राहिले. आधी फेटे आले, मग घोड्याचं डोकं, मग वर उचललेला हात आणि कोयता. आणि त्या हाताच्या मागं पुतण्याचं तोंड. दात दिसत होते. कपाळावरची अक्षत दिसत होती. एकेक मिशीचा केस दिसत होता. मी तो कागद हायपोत, म्हणजे फोटो पक्का करायच्या पाण्यात, टाकला आणि तिथंच खाली बसून ओकले.

आण्णांच्या ठेचलेल्या कॅमेऱ्यातला रोल बाहेर काढला होता. शेवटचे काही फोटो आत उजेड शिरून वाया गेले होते, पण त्याच क्षणाचा एक वाचला होता, बराचसा त्याच बाजूनं घेतलेला. सांगलीच्या लॅबमधून तो मोठा करून आणवला. दोन्ही फोटो मी आण्णांच्या पुढ्यात ठेवले. त्यांच्या फोटोत एक माणूस हात उगारून होता. तोंडाच्या जागी नुसते दाणे. कुणीही असू शकलं असतं.

आण्णांनी दोन्ही बराच वेळ बघितले. मग म्हणाले, "वर्षभर भांडलीस त्ये हेच सांगायला व्हय? दिसतंय बाई. लय साफ दिसतंय." आणि थोड्या वेळानं, "माझाच रोल तेवढा आला असता तर आज निवांत झोपलो असतो."

हवालदारांचा डावा हात मिरजेला कोपराखाली कापावा लागला. त्यांची बायको चार-आठ दिवसांनी आमच्याकडं आली. काउंटरला धरून उभी राहिली, बसायला नको म्हणाली.

"तू वर हुतीस. काडलास नव्हं फोटू?"

"काढलाय, काकी."

"मला दावू नगं. मला बघवायचं न्हाई. त्येचं त्वांड दिसतंय का, एवडंच सांग."

"दिसतंय."

ती मान हलवून तशीच स्टँडकडं निघून गेली. काही मागितलं नाही, काही सांगितलं नाही.

ती बोललेली गोष्ट गावात पोचली असणार, कारण दोनच दिवसांनी नवरदेवाचे वडील आले. म्हणजे हवालदारांचे थोरले भाऊ आणि त्या पुतण्याचेही चुलते. पांढरी टोपी, इस्त्रीचं धोतर. त्यांनी काउंटरवर एक खोका ठेवला आणि उघडला. आत कोरा करकरीत कॅमेरा होता. सांगलीतल्या त्या जुन्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी वरचा, भारी लेन्स, कातड्याची पेटी, वर फ्लॅशसुद्धा.

"तुमचं नुकसान झालं आमच्या दारात," ते आण्णांना म्हणाले. "त्ये भरून द्याचं काम आमचं. पुन्यासनं आणवलाय. फुल फ्रेम हाय म्हनं, पोरीला पायजे हुता तसला."

त्यांनी खोका आणखी माझ्याकडं सरकवला.

"आनि ती जी काय फिलिम हाय, ती आमाला द्या. घरातलं भांडन हाय. एकाचा हात गेला, आता दुसऱ्याला फासावर चडवून हात परत येनार हाय का?"

"फाशी कशाची होतीय," आण्णा म्हणाले.

"आवं, पोरगं बावीस वर्साचं हाय. त्याच्या मागं म्हातारी आई हाय."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते. दोन्हीकडून त्यांचंच रक्त होतं. मी खोक्यातला कॅमेरा उचलला. खरं सांगायचं तर न उचलणं मला जमलंच नाही. हातात असा बसला की जणू हाताचं माप घेऊन केलेला. डोळ्याला लावला. व्ह्यूफाइंडर एवढा स्वच्छ होता की समोरच्या माणसाच्या टोपीचा टाकासुद्धा दिसत होता. मी लेन्स फिरवली. आण्णा दिसले. गळ्यात बांधलेला हात, डोळ्याखाली हिरवं-पिवळं झालेलं मांस, सुजून वाकडा झालेला ओठ. ते माझ्याकडंच बघत होते. रागानं नाही, मला काही सुचवायचं म्हणूनही नाही. ही काय करते ते बघत होते.

मला तो कॅमेरा हवा होता. फार हवा होता. कोर्टकचेरीत आम्हाला काय मिळणार होतं? मार खाल्ला, पुन्हा खाणार. हवालदारांचा हात काही उगवणार नव्हता, म्हातारा बरोबरच बोलत होता. मी हो म्हणून टाकलंही असतं. पण तो डोळ्याला असतानाच मला कळलं की याच्यातून काढलेला प्रत्येक फोटो मी आधी त्या कोयत्यातून बघेन.

मी तो खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"काका, घेऊन जा."

"पोरी, इचार कर."

"केला."

ते आण्णांकडं वळले. "तुमी सांगा की तिला."

"फोटो तिनं काढलाय," आण्णा म्हणाले. "माझा कॅमेरा तर तुमच्या पाव्हन्यांनी ठेचला."

त्याच दिवशी मी आणि आण्णा पोलीस ठाण्यात गेलो आणि निगेटिव्ह आणि फोटो देऊन आलो. हवालदारानं, म्हणजे ठाण्यातल्या हवालदारानं, फोटो बघून नुसती शिट्टी वाजवली.

आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी तिघं स्टुडिओत शिरले. एकाच्या भुवईवर टाके होते, ती भुवई मीच फोडलेली. त्यांना निगेटिव्ह हवी होती आणि ती नाही हे सांगूनही त्यांना पटेना. काउंटरची काच फोडली. भिंतीवरचे सगळे नवरा-नवरी काठीनं खाली पाडले. फोटो मोठे करायचा एन्लार्जर उचलून रस्त्यावर फेकला. मी डार्क रूममध्ये पळाले आणि एक जण मागं आला तेव्हा हायपोचा ट्रे त्याच्या डोळ्यांवर फेकला. तो भिंतीला धडका देत ओरडत होता आणि मी तिवईच्या पायानं त्याला मारत होते. बाहेर टाके घातलेल्यानं आण्णांना पकडून त्यांचा बांधलेला हात पिळला. आण्णांचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. गल्लीतला सायकलवाला आणि स्टँडवरचे हमाल धावून आले म्हणून आम्ही वाचलो. हमालांनी त्या तिघांना जे तुडवलं ते बघून मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. मी त्यांना थांबवलं नाही.

आण्णांचा खांदा त्यानंतर कधीच नीट वर गेला नाही. त्यांना कॅमेरा डोळ्यापर्यंत नेता येईना. पुढचं सगळं काम मलाच करावं लागलं.

पळालेला पुतण्या सापडला, पण खटला सांगलीच्या कोर्टात बरीच वर्षं रेंगाळला. साक्षीदार एकेक करून फिरले. आरोपीच्या वकिलानं मला विचारलं, "हा कॅमेरा तुमचा आहे का?" मी म्हटलं, तेव्हा नव्हता, मागून आणला होता. "मग दुसऱ्याच्या कॅमेऱ्यानं तुम्ही नेमका हाच क्षण कसा टिपला? तुम्हाला आधीपासून माहीत होतं का?" कोर्टात हशा झाला. मी म्हटलं, मला वाटलं तो काकांच्या कानात काहीतरी सांगतोय. हशा थांबला. हवालदारांनी उरलेल्या हातानं पिंजऱ्याकडं बोट करून पुतण्याला ओळखलं. ते साक्षीच्या वेळी एकदाही रडले नाहीत. शिक्षा सुनावल्यावर मात्र बाहेर व्हरांड्यात पुतण्याच्या आईनं त्यांच्या पायावर डोकं आपटलं, तेव्हा ते तिला एका हातानं उचलायला बघत होते आणि त्यांना जमत नव्हतं. काकींनी तिला दुसऱ्या बाजूनं धरलं. दोघींचे केस सुटले होते. मी कॅमेरा नेला नव्हता, आणि नेला असता तरी काढला नसता.

मोडका कॅमेरा घेऊन मी सांगलीला गेले होते ते स्टुडिओतल्या मारामारीनंतर लगेचच. दुकानदारानं पोचा बघितला, शटर ऐकलं, खाचेतलं काळं काहीतरी सुईनं टोकरलं आणि हात मागं घेतला. "हे काय आहे?" मी सांगितलं. त्यानं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि मला चहा पाजला. मग म्हणाला, "आता हा मला दुसऱ्याला विकता येणार नाही. तुम्हीच न्या. पैसे सवडीनं द्या." अशा रीतीनं आमचा वर्षभराचा वाद मिटला. कुणी जिंकलं नाही.

तासगाव-कुंडलच्या बाजूची लग्नं आमच्याकडं येईनाशी झाली. कोर्टात साक्ष दिलेल्या बाईला मांडवात कोण बोलावणार? आम्ही बिऱ्हाड शिरवळला हलवलं, हायवेला लागून. तिथं कारखान्यांतल्या कामगारांचे ओळखपत्राचे फोटो काढायचं काम मिळालं. एकामागून एक माणूस पांढऱ्या भिंतीसमोर येऊन बसायचा, मान सरळ, डोळे पुढं. त्या कामाला हाफ फ्रेमसुद्धा जास्त झाला असता. पण माझ्याकडं पोचा पडलेला, मीटर मेलेला फुल फ्रेम होता, मी तोच वापरला. उजेडाचा अंदाज डोळ्यानं घ्यायची सवय पक्की झाली होती.

एकदा एक कामगार स्टुलावर बसला आणि टॉवेल काढून खांद्यावर नीट टाकायला लागला. मी कॅमेरा खाली घेतला आणि भिंतीपर्यंत मागं सरकले. तो घाबरून विचारू लागला, "बाई, काय झालं? बरं न्हाई का?" आण्णा पडद्याआडून आले, त्याच्या खांद्यावरचा टॉवेल उचलून त्यांनी खुंटीला लावला आणि त्याला म्हणाले, "फोटोत टॉवेल चालत न्हाई, गड्या." मग माझ्या पाठीवर आपला धड हात ठेवून ते फोटो होईपर्यंत तसेच उभे राहिले.